मुकांबेतच्या चाळीस डिस्क

अनारकुल भित्री आहे हे सगळ्या नारिन गावाला ठाऊक होतं आणि तिला स्वतःलाही ते कबूल होतं. पण ती काही जन्मतः भित्री नव्हती. भीती तिच्या अंगात शिरली ती एका लग्नापायी.

तेव्हा तिचा नवरा शार्शेन लग्नकार्यांचं चित्रीकरण करायचा आणि ती सांस्कृतिक भवनाच्या मागच्या खोलीत बसून त्याच्या डिस्क बनवायची. तिची डिस्क यंत्रात सरकवली की आधी पडद्यावर बर्फाचे डोंगर यायचे, त्यावर यजमानांचं नाव, आणि खाली बटणं. एक दाबलं की वरात, दुसरं दाबलं की जेवणावळ, तिसरं दाबलं की नाचगाणी. डोळे अधू झालेल्या म्हातारीलाही हवं ते सापडावं म्हणून प्रत्येक बटणावर ती छोटंसं चित्र लावायची. हा सगळा खटाटोप ती एकाच प्रोग्रामवर करायची. एकदा कॉम्प्युटरमध्ये जागा करता करता तिच्या हातून एका घरचं अख्खं लग्न पुसलं गेलं. नवरदेवाची आई आली, खोलीतल्या स्टुलावर बसली आणि दुपारपर्यंत अवाक्षर न काढता बसून राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर अनारकुल रडून मोकळी झाली असती. त्या मुक्या बसण्याने मात्र ती कायमची हादरली.

त्या दिवसापासून कुठलंही बटण दाबायचं तर आधी वहीत लिहायचं आणि मगच दाबायचं, असं तिने ठरवून टाकलं. त्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या आल्या, तिने घेतल्या नाहीत. लोकांची विंडोज बदलली, हिची तीच राहिली. चालतंय ना, मग हात लावायचा नाही, एवढंच तिचं शास्त्र.

पुढे लोक लग्नं फोनवरच बघायला लागले. शार्शेनने कॅमेरा विकला आणि तो रशियात येकातेरिनबर्गला टॅक्सी चालवायला गेला. दर रविवारी फोन करून तो ‘ते डबडं फेकून दे’ म्हणायचा. अनारकुलने डबडं फेकलं नाही, पण चार वर्षांत चालूही केलं नाही. डिस्कवरून डिस्क छापणारं एक छोटं यंत्र होतं, त्यावर ती डोंगरातल्या तळांवरच्या मेंढपाळांना नकला काढून द्यायची. तिकडे फोनला रेंज नव्हती. सौर पॅनेलवर चालणारा टीव्ही आणि डिस्कचं यंत्र मात्र घरोघर होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओन-आर्चा गावाहून शारीपा-अपा आली. अपा म्हणजे वयाने मोठ्या बाईला मानाने मारायची हाक. शहात्तरीची बाई, काठीसारखी ताठ. मुकांबेत हा तिचा नवरा, तो वारून वर्ष होत आलं होतं. जन्मभर मेंढ्या राखणारा हा माणूस कोमुझ असा वाजवायचा की त्याच्या तीन तारा ऐकायला लोक घोड्यावरून खिंड ओलांडून येत. त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला शार्शेनने चित्रीकरण केलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याचा आश होता, म्हणजे वर्ष भरल्यावरचं गावजेवण. त्या दिवशी सगळ्यांना त्याला दाखवायचं आणि चाळीस नातेवाइकांना एकेक डिस्क द्यायची, असं तिच्या मनात होतं. तिने रुमालातून आपली डिस्क काढली. नातवंडांनी ती खेळून खेळून पार खरवडली होती, यंत्र ती ओळखेना.

“तुझ्याकडे मूळ असेलच ना?” तिने विचारलं.

“आहे, अपा,” अनारकुल म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला टेपा आठवल्या. मूळ टेपा शार्शेनने केव्हाच दुसऱ्या लग्नांसाठी वापरल्या होत्या. जे काही होतं ते त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, त्या प्रोग्रामने स्वतःच्या पद्धतीने बांधलेल्या एका अगडबंब फाइलमध्ये. आणि असेल की नाही, हेही तिला नक्की आठवत नव्हतं.

नऊ दिवस तिने कॉम्प्युटरला हात लावला नाही. रोज सकाळी खोली उघडायची, शेगडीत कोळसा घालायची, त्या डब्याकडे पाठ करून चहा प्यायची आणि आज नको म्हणायची. बघितलंच नाही तर गेलंय असं ठरत नाही, अशी काहीतरी वेडी आशा तिने धरली होती. दहाव्या दिवशी तिने डोळे मिटून बटण दाबलं. आत पंखा गुरगुरला, फट्‌ असा आवाज झाला आणि मागच्या जाळीतून जळक्या रबराचा वास आला.

तिने वायर उपटली. मग ती तशीच, कोट अडकवून, ल्युदमिला अर्काद्येवनाकडे गेली.

ल्युदमिला अर्काद्येवना शाळेत तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवायची. तिची भावंडं, तिचे शेजारी, सगळे रशियाला निघून गेले, ही राहिली. तोंडाने फटकळ, पण अर्ध्या नारिनचे कॉम्प्युटर तिच्याच हाताखालून गेलेले. तिने येऊन डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाली की जळलाय तो वीजपुरवठ्याचा भाग, आतली हार्ड डिस्क वाचली असू शकते. हार्ड डिस्क बाहेर काढून तिने एका पेटीत बसवली आणि अनारकुलच्या मुलीने पाठवलेल्या नव्या लॅपटॉपला जोडली.

नावांची यादी पडद्यावर आली. त्यात मुकांबेतचं नाव होतं. अनारकुलचा हात आपोआप त्याच्याकडे गेला आणि ल्युदमिलाने त्यावर चापट मारली.

“आधी नक्कल. मरायला टेकलेल्या घोड्यावर खोगीर चढवायचं नसतं, पोरी.”

“मरतोय का तो?”

“कान लाव.”

अनारकुलने कान लावला. पेटीतून टक-टक, टक-टक असा आवाज येत होता, कुणीतरी आतून नखाने ठोकल्यासारखा. तो आवाज पुढे कितीतरी दिवस तिच्या कानातून गेला नाही.

अख्ख्या हार्ड डिस्कची नक्कल सुरू झाली. दोघी पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसल्या. साठ टक्के, सत्तर, ऐंशी. त्र्याऐंशीवर दिवा गेला. थंडी पडली की नारिनमध्ये दिवसाढवळ्याही वीज जायची, त्यात नवल काही नव्हतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पेटी मात्र भिंतीच्या विजेवर होती. टक-टक थांबलं. त्या शांततेत अनारकुलला पुन्हा ती स्टुलावर बसलेली बाई दिसायला लागली.

तासाभराने वीज आली, पण लॅपटॉप पेटीला ओळखेना.  अनारकुलने हळूच विचारलं की शारीपा-अपाला आत्ताच सांगून टाकावं का. ल्युदमिला म्हणाली, सांग ना, कोण अडवतंय. अनारकुल उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

ल्युदमिलाने हार्ड डिस्क खिडकीबाहेरच्या गारठ्यात पिशवीत गुंडाळून ठेवली, अर्ध्या तासाने आत आणली, कोरडी केली आणि पुन्हा जोडली. ही विद्या नव्हे, गावठी इलाज आहे, असं ती स्वतःच म्हणाली. हार्ड डिस्क फिरली. या वेळी तिने वाचता न येणारे तुकडे सोडून पुढे जाणारं एक साधन लावलं. संध्याकाळच्या आत नक्कल पुरी झाली, आणि लगेच तिने आणखी दोन काढल्या. काही तुकडे सुटले होते. ते कुठल्या फाइलींतले, हे फाइली उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

आणि उघडायची कशी? दुसऱ्या दिवशी अनारकुलने प्रोग्रामची जुनी सीडी आणली. नव्या विंडोजने तिला दारातच अडवलं: हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. ल्युदमिलाने ‘जुन्या विंडोजसारखं वाग’ अशी मुभा देऊन पाहिलं. प्रोग्राम उघडला, क्षणभर निळी चौकट दिसली आणि तो गडप झाला. चार वेळा तसंच.  प्रोग्राम बनवणारी कंपनीच बंद पडून किती वर्षं झाली होती, विचारायचं कुणाला?

तीन दिवस झगडल्यावर ल्युदमिलाने वेगळा मार्ग काढला. नव्या विंडोजच्या पोटात तिने एक खोटा कॉम्प्युटर उभा केला आणि त्यात ती जुनी विंडोज बसवली. पडद्यावरच्या एका चौकटीत ते ओळखीचं हिरवं कुरण आणि निळं आकाश उगवलं, तेव्हा मेलेलं माणूस दारात उभं राहिल्यासारखी अनारकुल दचकली. त्यात प्रोग्राम बसला. सीडीच्या पाकिटावरचा परवान्याचा आकडा त्याने निमूट मानून घेतला. मग ल्युदमिलाने मुकांबेतची फाइल दिली, आणि प्रोग्रामने प्रश्न टाकला: फाइल खराब आहे, दुरुस्त करू का? दुरुस्ती केल्यास मूळ फाइल बदलेल.

अनारकुलने वही काढून प्रश्न उतरवून घेतला, बटण मात्र दाबलं नाही.

“दाब,” ल्युदमिला म्हणाली.

“तुम्ही दाबा.”

“मी का? प्रोग्राम तुझा, गिऱ्हाईक तुझं, खोटं तू बोललीस.”

“मी खोटं नाही बोलले. मला वाटलं होतं, असेल.”

“तीन नकला आहेत. ही बिघडली तर दुसरी. दाब गं बाई, मी सत्तरीची आहे, तू दाबेपर्यंत मीच जाईन.”

तिने दाबलं. पट्टी सरकत गेली आणि डोंगर आले. डोंगरावर मुकांबेतचं नाव, खाली तीन बटणं. पहिल्यात कोमुझ होता, पुरा. दुसऱ्यात नातवंडं, तीही पुरी. तिसऱ्या बटणावर उघड्या तळव्यांचं चित्र होतं, मुकांबेतने सगळ्या कुळाला दिलेल्या आशीर्वादाचं. ते दाबल्यावर म्हातारा दिसला. त्याने टोपी सारखी केली, दोन्ही तळवे उघडले, तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला. पुढची अकरा मिनिटं नव्हती. दुसऱ्या नकलेत नव्हती, तिसरीतही नव्हती.

त्या रविवारी शार्शेनने फोनवर सल्ला दिला की काही बोलू नकोस, डिस्क दे, कुणाला कळतंय. अनारकुल रात्रभर तळमळली आणि सकाळी ओन-आर्चाच्या गाडीत बसली. वाटेत दोनदा तिला उतरून परत जावंसं वाटलं. शारीपा-अपाने चहा ओतला, पिठाचे तळलेले बोर्सोक पुढे केले, आणि अनारकुलने पेल्याला हात न लावता सगळं एका दमात सांगून टाकलं.

अपा बराच वेळ गप्प राहिली. तेच मुकं बसणं. 

“नेमका आशीर्वादच गेला?” अखेर अपाने विचारलं.

“हो, अपा.”

“आणि मी आले होते तेव्हा तुला माहीत नव्हतं.”

“नव्हतं. बघायची भीती वाटली म्हणून मी नऊ दिवस बघितलंही नाही.”

“तेव्हाच सांगायचं होतंस. मी दुसरीकडे शोधलं असतं. कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या घरी.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “आता वेळ नाही. जेवढं आहे तेवढं राहू दे, तिसरं बटणही राहू दे. पण आशाच्या दिवशी तू ये, आणि पुढचं का नाही ते माणसांना तूच सांग. मी नाही सांगणार.”

चाळीस डिस्क करताना अनारकुल एकेक डिस्क तिन्ही बटणं दाबून तपासत होती. डोक्यात मात्र एकच विचार, आजारी पडता येईल का. आजारी ती पडली नाही.

आशाच्या दिवशी अंगणात दोनेकशे माणसं होती. मोठ्या कढयांतून वाफ निघत होती, घोडे कुंपणाला बांधलेले. टीव्ही उंबऱ्यावर आणून ठेवला होता. कोमुझ सुरू झाला तसं अंगण शांत झालं. म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. मग अपाने काठीने खूण केली. अनारकुल उठली.  तिने जमिनीकडे बघत सांगितलं की आशीर्वाद आपल्या कॉम्प्युटरमध्ये होता, तो आपण सांभाळला नाही, सुरुवात तेवढी उरली आहे. राजधानी बिश्केकहून आलेला एक पुतण्या मोठ्याने म्हणाला, मग उरलेलं तरी कशाला दाखवता? कुणी त्याला गप्प केलं नाही.

कुणीतरी बटण दाबलं. मुकांबेतने टोपी सारखी केली, तळवे उघडले, आणि पडदा काळा झाला.

पहिल्या रांगेत त्याचा धाकटा भाऊ असानाली बसला होता. तो काही बोलका माणूस नव्हता. त्याने काळ्या पडद्याकडे थोडा वेळ बघितलं, मग स्वतःचे तळवे उघडले आणि पडलेल्या आवाजात बोलू लागला: तुमच्या चुलीतला विस्तव विझू नये, तुमच्या वाटेवर बर्फ असेल तर त्यावर पुढे गेलेल्याची पावलं असावीत. भावाचे शब्द त्याला सगळे आठवत नव्हते. मध्येच तो अडला, तेव्हा मागून एका बाईने पुढचं वाक्य दिलं, मग आणखी कुणी. अकरा मिनिटं नाही, दोनेक मिनिटंच चाललं. शेवटी सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. अनारकुलनेही फिरवले. 

पुतण्याने आपली डिस्क नेली नाही. बाकीच्या गेल्या. निघताना अपाने तिच्या पिशवीत शिजलेलं मटण बांधून दिलं, पण झालं गेलं विसरूया असं काही ती म्हणाली नाही.

पुढच्या आठवड्यात अनारकुलने ल्युदमिला अर्काद्येवनाला खोलीत बोलावलं आणि त्या हार्ड डिस्कच्या नकलेतल्या सगळ्या फाइली एकेक करून उघडायला घेतल्या. दोनशे अकरा होत्या. काही नीट उघडल्या, काही अर्ध्या, काही मुळीच नाही. ज्या घराची फाइल उघडली नाही त्या घरी ती त्याच दिवशी जायची, दारात उभी राहायची आणि छाती धडधडत असतानाच फाइल गेल्याचं सांगून यायची.