गाडीतून खाली उतरलो म्हणून

माझे वडील वाशीम जिल्ह्यात मालाचा टेम्पो चालवतात. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून जायचो, तेव्हा त्यांनी एक गोष्ट शिकवली होती. पोलिसांनी हात केला की गाडी बाजूला घ्यायची, खाली उतरायचं आणि कागद घेऊन आपण साहेबांकडे जायचं. गाडीत बसून राहणं म्हणजे माज.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावात पीएचडी करत असताना मी तेच केलं. स्टॉपच्या पाटीपाशी माझी गाडी पूर्ण थांबली नव्हती. मागे लाल-निळे दिवे लागले. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि हात जोडून पोलिसाकडे निघालो. तो ओरडत होता. ‘परत गाडीत बस’ म्हणतोय हे समजेपर्यंत मी त्याच्या अगदी जवळ पोचलो होतो, आणि हसत होतो. हातकडी लागली, बोटांचे ठसे घेतले गेले, पोलिसाच्या कामात अडथळा आणल्याचा आरोप लागला. पुढे तिथल्याच गावच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी माझं ऐकून घेतलं, केस काढून टाकली आणि इथे गाडीतच बसून राहायचं असतं, एवढं समजावून सांगितलं. मी मनापासून आभार मानले. विषय संपला असंच मला वाटलं.

बऱ्याच काळानंतर, प्रबंध सादर करायच्या तोंडावर, विद्यापीठातून ईमेल आला. सरकारी यादीतली माझी विद्यार्थी म्हणून असलेली नोंद बंद झाली होती. कारण एका ओळीचं: गुन्हेगारी तपासणीत नाव आढळलं. विद्यापीठाला कोणी विचारलंही नव्हतं. त्या मिनिटापासून माझं प्रयोगशाळेत काम करणं बेकायदा होतं. पाठोपाठ अमेरिकी वकिलातीचा ईमेल आला, व्हिसा रद्द झाल्याचा आणि स्वतःहून देश सोडावा असं सुचवणारा.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. या देशानं मला फुकट शिकवलं, वर पगार दिला. गावी कोणी अमेरिकेला नावं ठेवली की मी भांडायचो. आता निर्दोष सुटलेला मी गुन्हेगार कसा ठरलो, हे माझ्या डोक्यात शिरेना. जेवण समोर तसंच पडून राही. माझा नागपूरकर रूममेट ईमेल पुन्हा पुन्हा वाचून म्हणाला, “पण तुझी केस तर डिसमिस झाली होती ना यार?” त्याला कधीतरी वेगाचं तिकीट मिळालं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गाडी चालवणं बंद केलं.

आम्ही ज्या काकूंकडून डबा घ्यायचो, त्यांची इथेच जन्मलेली मुलगी वकील होती. काकूंनी तिला घरी बोलावून घेतलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, “बट तू गाडीतून का उतरलास?”

“बसून राहणं उद्धटपणाचं वाटलं.”

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “तुझे बाबापण सुरुवातीला असेच उतरले होते गं.”

“अँड नोबडी अरेस्टेड हिम?”

“छे. तो पोलीस म्हणे हसला.”

मुलीनं सरकारवर दावा लावायचा असं सांगितलं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. विद्यार्थ्यानं सरकारला कोर्टात खेचायचं? आमच्याकडे कोर्ट म्हणजे वर्षानुवर्षं तारखा. इथे त्याच आठवड्यात सुनावणी लागली.

न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला सरळ विचारलं, “हा विद्यार्थी आज या देशात कायदेशीर आहे की नाही?”

वकिलानं कागद चाळले. “मला सांगता येणार नाही.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?”

“नाही.”

ईमेल आला तेव्हा बसला होता त्याहून मोठा धक्का मला तिथे बसला. तोपर्यंत मी समजत होतो की कुठेतरी कोणीतरी माझी फाईल उघडली असेल, वाचली असेल, चुकीचा का होईना, काही विचार केला असेल. कोणी काही वाचलंच नव्हतं. बोटांचे ठसे घेतलेल्यांच्या यादीशी नाव जुळलं होतं, बस्स. न्यायाधीशांनी नोंद पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला. इतर कोर्टांनीही असेच हुकूम दिले आणि थोड्याच दिवसांत सरकारनं आमच्यासारख्या अनेकांच्या नोंदी परत चालू केल्या. ना कारण, ना दिलगिरी.

प्रबंध सादर झाला, पदवी मिळाली. बाबांनी फोनवर विचारलं, घरी कधी येतोस. मी सांगितलं की नोंद परत मिळाली, पण व्हिसा रद्दच आहे. बाहेर पडलो तर परत आत येता येईलच असं नाही, आणि नोकरी तर इथेच लागली आहे.

“कोर्टात जिंकलास ना तू?”

“जिंकलो बाबा.”

त्यांनी आईला हाक मारून फोनजवळ बोलावलं. मग म्हणाले, “पासपोर्टला काय काय लागतं ते सांग. आम्हीच येतो.”

वाशीमहून नागपूरच्या पुढे कधी न गेलेली माझी माणसं. मी लगेच वकील मुलीला मेसेज केला, त्यांना बोलावणं सुरक्षित आहे का. तिनं आधी त्या दिवसाचे नियम पुन्हा तपासले. मग लिहिलं, “आजच्या कायद्यानं हो. ते तिकीट काढतील त्या दिवशी मला परत विचार.”