बँडवाल्याच्या कोटातला कोंडीबा

धाकट्या भावाच्या घरी जायचं म्हटलं की गोजरबाईच्या कपाळाला आठी पडायची. सोलापूरच्या नव्या पेठेत या भावाचं, आबासाहेबांचं, कापडाचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या बैठकीत समोरच्याच भिंतीवर कोंडीबाचा फोटो टांगलेला होता. कोंडीबा मधला भाऊ. इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईत तो इटलीत पडला. फोटोला चंदनाचा हार, खाली उदबत्तीचं घर. येणारं-जाणारं माणूस हात जोडायचं आणि आबासाहेब पानसुपारीचं तबक पुढं करत म्हणायचे, "आमचे बंधू. देशासाठी गेले."

"चेहऱ्यात किती साम्य आहे हो तुमच्या!" असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं की आबासाहेब मिशीवरून हात फिरवायचे. साम्य असायला काय झालं? फोटो त्यांचाच होता.

झालं होतं असं. मैंदर्गीला, त्यांच्या गावी, कोंडीबा गेल्याची तार आली आणि आईनं अंथरूण धरलं. "माझ्या कोंड्याचं तोंड दावा मला, मग मरंन," एवढंच घोकत राहिली. पण कोंडीबाचा फोटो कुणी आणि कधी काढायचा? जन्मभर ते पोर बैलांच्या मागं. शेवटी वडिलांनी आबाला सोलापूरला नेलं. नव्या पेठेतल्या फोटोवाल्यानं सांगितलं, सख्खा भाऊ आहे ना, मग झालं तर, नाकीडोळी उन्नीस-बीस. फौजी कोट त्याच्याकडं नव्हता. त्यानं शेजारच्या लग्नाच्या बँडवाल्याकडनं कोट मागून आणला. खांद्यावर झुलणारे गोंडे, छातीवर पितळी बटणांची दुहेरी रांग. त्या थाटात अठरा वर्षांचा आबा स्टुलावर हात टेकून उभा राहिला, आणि इटलीच्या लढाईचा वीर तयार झाला. इतक्या वर्षांत तो कोट सनईमागं ढोल बडवणाऱ्याचा आहे, हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. गोजरबाईला याचंच सगळ्यात हसू यायचं, आणि मग राग यायचा.

"आये, ह्यो आबा हाय की," असं ती तेव्हा म्हणाली होती. वडिलांनी डोळे वटारले. आईनं फोटो छातीशी धरला तो धरलाच. पुढं पुढं ती त्या फोटोलाच कोंड्या म्हणून हाका मारायची, आणि जिताजागता आबा शेजारी बसून ते ऐकायचा, तेही लाज न वाटता.

खरा कोंडीबा दिसायला असा सरळ नाकाचा नव्हता. तोंडभर देवीचे वण. पुढचे दात इतके बाहेर की ओठ मिटायचेच नाहीत. एक कान लहानपणी म्हशीच्या दाव्यात अडकून फाटलेला. गोजरबाई सगळ्यांत थोरली, तिनं त्याला कडेवर वाढवलेलं. भरतीवाले मैंदर्गीच्या बाजाराला आले तेव्हा दोघाही भावांनी जायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी आबाचं पोट दुखायला लागलं. भरतीची गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत ते दुखत होतं, आणि दुपारी त्यानं चांगल्या दोन भाकरी हाणल्या. त्या भाकरी गोजरबाईनंच थापल्या होत्या, त्यामुळं तिच्या लक्षात होतं.

पुढं तीही सोलापूरलाच आली. नवरा गिरणीत होता, छातीच्या दुखण्यानं गेला. ती सात रस्त्याजवळच्या एका खोलीत राहून खानावळींना कडक भाकरी करून द्यायची. पापडासारख्या खुटखुटीत, महिनाभर टिकणाऱ्या. जीभ मात्र तिखट. भावाच्या बैठकीत गेली तर फोटोकडं पाठ करून बसायची. कोंडीबाचं तोंड आता जगात एकट्या तिच्याकडं उरलंय, या गोष्टीचा तिला अभिमान होता. आबासाहेबांकडं दुकान होतं, मान होता, हात जोडणारी माणसं होती. तिच्याकडं हे होतं.

मग बांगलादेशची लढाई झाली. झाली ती तिकडं सरहद्दीवर, पण ती आपणच जिंकून आल्यासारखं सोलापुरातलं जो तो छाती काढून चालायला लागला. सात रस्त्याच्या एका मंडळाचे अध्यक्ष मल्लिकार्जुनशेठ, मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देणारे. त्यांनी जवानांच्या घरच्यांचा सत्कार करायचं काढलं. फोटो मंडळाच्या हॉलमध्ये कायमचे लागणार होते. कोंडीबा लढला तो इंग्रजांच्या राजासाठी, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आबासाहेब स्वतः चालत बहिणीच्या खोलीवर आले. "आक्का, फोटोला हार तू घालायचास. सख्खी भैन म्हणून."

"कुणाच्या फोटोला?"

"कोंडूदादाच्या."

"त्यो तू हाईस."

"लोकास्नी काय ठावं?"

"मला ठावं हाय की." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आज तुज्या घरात हाईस, उद्या सगळ्या गावाच्या भिंतीवर चढशील. मग त्येचं तोंड गेलंच म्हण."

"चार माणसं त्येच्या नावानं हात जोडत्यात, ते बी नगं का तुला?"

गोजरबाईनं पुढची भाकरी थापायला घेतली. मात्र कार्यक्रमाला जायचं तिनं त्याच वेळी मनाशी ठरवलं. भर सभेत सांगायचं. कोंडीबाला पुसून टाकायचं काम या माणसांनी आपल्या डोळ्यांदेखत करावं आणि आपण भाकरी थापत बसावं, हे तिला जमणारं नव्हतं.

संध्याकाळी सभा भरली. स्टेजवर फोटो, खुर्चीत फेटा बांधलेले आबासाहेब. तिचं नाव पुकारलं गेलं. मल्लिकार्जुनशेठनी झेंडूचा हार तिच्या हातात दिला आणि माइक तोंडाजवळ आणला.

"जित्या मानसाच्या फोटूला हार घालत न्हाईत," गोजरबाई म्हणाली. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "ह्यो माजा भाऊ मेल्याला न्हाय. ह्यो जिता हाय. तितं बसलाय बघा."

तिनं बोट दाखवलं. सगळ्या माना तिकडं वळल्या. आबासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. एक क्षण तिला वाटलं, आपण जिंकलो.

मल्लिकार्जुनशेठनी माइक आपल्याकडं ओढला. तिला वाकून नमस्कार केला. "ऐकलंत? पंचवीस वर्षांच्या वर झाली, तरी या माउलीच्या लेखी तिचा भाऊ जिवंत आहे! धाकट्या भावात ती त्यालाच बघते आहे!"

टाळ्या थांबता थांबेनात. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. "आवं, तसं न्हवं," असं ती म्हणत होती, पण माइक लांब गेला होता. हार शेठनीच घातला. तिला शाल दिली, नारळ दिला, आणि दोघींनी धरून खुर्चीत बसवलं. या लोकांच्या अंगावर थुंकावं असं तिला वाटलं. थुंकली असती तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

घरी जाताना आबासाहेब तिचा नारळ घेऊन बरोबर चालत होते. आता हा भांडेल, म्हणून ती तयारीत होती. पण त्यांनी तिला खोलीच्या दारापर्यंत नीट पोचवलं.

"आक्का," उंबऱ्याशी उभं राहून ते म्हणाले, "खरा कसा दिसायचा गं दादा? मला आटवतच न्हाय. दाढी करताना आरशात बघतो, तर त्योच वाटतो. लई वर्सं झाली. तू सांग की."

त्यांचे डोळे भरले होते. तिनं तोंड उघडलं. देवीचे वण, पुढचे दात, फाटका कान. सगळं तिला पाठ होतं. ते एकत्र करून तिनं कोंडीबा डोळ्यांपुढं आणायला घेतला, आणि आला तो सरळ नाकाचा, स्टुलावर हात टेकलेला. तिनं त्याला हाकललं. कडेवरचं पोर आठवून पाहिलं. पोर आलं, तर त्याच्याही छातीवर पितळी बटणं. फोटोकडं पाठ करून बसली होती ती, इतकी वर्षं. तरीही.

"सांग की, आक्का."

"तुला कशाला सांगू?" गोजरबाई नेहमीच्याच तुच्छतेनं म्हणाली. "परत पोट दुखंल तुजं."

तिनं त्यांच्या हातातून नारळ घेतला आणि दार लावून घेतलं. आबासाहेब मान खाली घालून नव्या पेठेकडं चालायला लागले. आक्काला सगळं आठवतंय, फक्त ती आपल्याला सांगत नाही, असं त्यांना वाटलं. मरेपर्यंत गोजरबाईनं त्यांना तसंच वाटू दिलं.