घाटातल्या माईनं थांबवलेली गाडी

देवीशी माझं बोलणं बंद होतं. बायकोला रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या महामायेच्या देवळापर्यंत सोडायचो आणि स्वतः गाडीत बसून राहायचो. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ बाळू शाळेत होता. मी ठेल्यावर ताडपत्री आणि दोर विकून सुरुवात केली, जगाशी भांडून सदर बाजाराजवळ दुकान उभं केलं. ताडपत्री, दोर, मच्छरदाण्या. दुकान दोघांचं होतं, निदान माझ्या मनात तरी. बाळूनं शिक्षण संपवून तिथं बसावं म्हणून नवरात्रात मी देवळात ज्योत लावली. आमच्याकडे ही रीत आहे. इच्छा देवीला सांगायची, आपल्या नावाची ज्योत नऊ दिवस तिच्यासमोर जळत राहते. माझी ज्योत जळली. बाळू मात्र मला न विचारता भरतीला गेला, निवडला गेला आणि बस्तरच्या जंगलात जवान म्हणून रुजू झाला. मी सौदे करून पोट भरणारा माणूस आहे. माझ्या मते देवीनं सौदा मोडला होता.

बाळूशीही बोलणं तुटलं. त्याचा फोन बायकोला यायचा. ती मुद्दाम माझ्यासमोर बोलायची, "हो भाऊजी, ते बरे आहेत. रोज कोणाशी तरी भांडतात, म्हणजे बरेच आहेत." मी पेपर वर धरायचो.

पावसाळ्यात एका सकाळी छावणीतून फोन आला तो मात्र थेट मला. बाळूला मलेरिया झाला होता, ताप मेंदूपर्यंत गेला होता. ढगांमुळे हेलिकॉप्टर उतरत नव्हतं. जवानांनी त्याला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं होतं, तिथून जगदलपूरच्या दवाखान्यात नेत होते. वाचेल का, हे कोणी सांगत नव्हतं. मी विचारलंही नाही. बायकोनं डबा आणि चादर हातात दिली. म्हणाली, "जाता-जाता देवीच्या पाया पडून घ्या जी."

"काहून? तिनं माझं काय ऐकलं?" मी ओरडलो.

"तिचं तुम्ही ऐकलं का कधी?" एवढं बोलून ती आत गेली.

मी थेट जगदलपूरचा रस्ता धरला. गाडी चालवणारा संतू धमतरीकडचा. माझ्या शिव्या खाऊनही टिकलेला. कांकेर सोडल्यावर फोन लागेना. केशकालचा घाट सुरू झाला तर तिथं वाहतूक तुंबलेली. एका वळणावर ट्रक बंद पडला होता आणि उरलेल्या अरुंद जागेतून चढणाऱ्या गाड्या रेटून घुसत होत्या. उतरणाऱ्यांची रांग वर खोळंबली होती. आम्ही कसेबसे वर सरकलो. घाटात देवीचं एक लहान देऊळ आहे. ट्रक असो की बस, तिथं गाडी क्षणभर थांबते, ड्रायव्हर हात जोडतो, मगच पुढे जातो. मी संतूला आधीच बजावलं होतं की आज थांबायचं नाही. त्यानं गाडी बाजूला घेतली.

"सेठ, माई के पांव पर लेथंव, फेर चलबो."

मी खाली उतरलो आणि भर रस्त्यात त्याच्यावर तुटून पडलो. माझा भाऊ तिकडे मरून राहिला अन् तुले देवदर्शन सुचून राहिलं, त्या बाईनं माझं काय भलं केलं, असं सगळं. आवाज माझा बाजारातला. रांगेतले ड्रायव्हर माना काढून बघू लागले. संतू चप्पल काढून शांतपणे देवळाकडे गेला.

तेवढ्यात देवळाच्या नळावर बाटली भरत असलेला एक जवान माझ्याजवळ आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. "भैया, आप रायपूर से हो क्या? बाळू के बडे भाई?"

मी थक्क झालो. तो म्हणाला, "बाळू कॅम्प में आपकी नकल करता है. दुकान में ग्राहक आया, आप कैसे चिल्लाते हो, पूरा करके दिखाता है. हम लोग हंस-हंस के लोटपोट. आवाज सुनते ही पहचान गया."

उतरणाऱ्या रांगेत, देवळाच्या अगदी समोर, एक ॲम्ब्युलन्स अडकली होती. त्यात बाळू होता. जगदलपूरच्या डॉक्टरांनी त्याला तातडीनं रायपूरला न्यायला सांगितलं होतं. मला कळवायला फोन करत होते, तो लागत नव्हता. मी न थांबता पुढे गेलो असतो तर आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो असतो.

बाळू ओळखू आला नाही. चेहरा पिवळा, ओठ फाटलेले. आतला कंपाउंडर एवढंच म्हणाला, "ऑक्सिजन कम है. देर हुई तो मुश्किल है."

ड्रायव्हरनं पुन्हा सायरन लावला, पण कोणी हलत नव्हतं. हलायला जागाच नव्हती. मग मी ॲम्ब्युलन्सच्या पुढे चालू लागलो. प्रत्येक चढत्या ट्रकसमोर उभा राहिलो. एकाला दरडीकडे घ्यायला लावलं, दुसऱ्याला हातभर मागे, तिसऱ्याला आरसा मिटायला. कोणाला हात जोडले, कोणाला दम दिला, एका सरदारजीला म्हणालो, तू तुझा ट्रक हलव, नाहीतर मी ढकलतो. तो हसला आणि स्वतः खाली उतरून माझ्याबरोबर ओरडू लागला. आयुष्यभर दोन पैसे कमी-जास्त करण्यासाठी वापरलेला आवाज त्या दिवशी वीत-वीत रस्ता मागत होता. घाट उतरेपर्यंत तो पार बसला.

खाली आल्यावर मी ॲम्ब्युलन्समध्ये बाळूजवळ बसलो; संतू गाडी वळवून मागून येत होता. तो जवान समोर बसला होता. मनीराम त्याचं नाव, कोंडागावकडचा. वाटेत तो बोलत राहिला, जागं राहण्यासाठी असावं. मळलेल्या वाटेनं जाता येत नाही, खाली सुरुंग पुरलेला असतो, म्हणून झाडीतून काटे तुडवत जायचं. बूट दिवसचे दिवस ओले, बोटांमधली कातडी सोलून निघते. झाडावरून लाल मुंग्या मानेत पडतात, अंथरुणात करैत साप निघतो. चूल पेटवता येत नाही, धूर दिसतो. मी विचारलं, मच्छरदाण्या नसतात का? तो म्हणाला, "रहती है भैया. पर घात लगाके बैठो तो कैसे टांगोगे? रातभर मच्छर काटते रहते हैं, मारने के लिए हाथ भी नहीं उठा सकते." बाळूनं अंगात ताप असताना गस्त सोडली नव्हती. पडला तेव्हा त्याला चादरीत घालून, चादर बांबूला बांधून, छातीएवढ्या पाण्यातून नाल्यापलीकडे नेलं. माझ्या दुकानात मच्छरदाण्यांची थप्पी छताला टेकते.

रायपूरला वेळेत पोहोचलो. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. काही दिवसांनी बाळूनं डोळे उघडले, माझी घोगरी हाक ऐकली आणि क्षीणपणे म्हणाला, "दादा, तुझा आवाज कुठं गेला?"

"तुझ्यापायी घाटात सांडला, पोट्ट्या," मी म्हणालो. बायको रडता-रडता हसली.

तो सावरल्यावर माझी जुनी सवय उफाळून आली. ओळखी काढल्या, त्याची बदली शहरात होईल असं जुळवत आणलं. त्याच्यासमोर फोन लावणार, तेवढ्यात त्यानं माझा हात धरला. "राहू दे दादा. माझ्या जागी कोणीतरी जाईलच ना? त्यालेही घरी कोणी असेल." मनीराम तर परतही गेला होता. मी फोन खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता उठलो. बाळू त्याच जंगलात परत गेला.

त्या दिवशी जे झालं त्याला काय म्हणावं, यावर मी वाद घालत नाही. घाटात रोज गाड्या थांबतात, रोज तुंबतात. मला एवढंच कळतं की मी पाय आपटत, शिव्या देत चाललो होतो, आणि देवीनं मला तशाच अवस्थेत नेमकं तिथं उभं केलं, जिथं उभं राहायला हवं होतं. माझा स्वभाव सुधारायची तिनं वाट पाहिली नाही. आहे तसा वापरला. असं कोणी आपल्याला वापरून घेतलं की काही मागायचं आणि काही अडवून धरायचं बळ आपोआप गळून जातं.

आता रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना मी डोळे मिटतो. मागत काही नाही. माई, या घटकेला जंगलात जे कोणी चालत असतील, त्यांच्या पायाखालची जमीन तुझी आहे, एवढंच म्हणतो आणि कामाला लागतो.