चंद्रावरची ट्रंक

"वजन पाठीत दिसतं, वहिनी," असं म्हणून ते माझा रिकामा हंडा असा उचलायचे की वाटायचं, आता पाणी सांडेल. ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले फिटर. भोपाळ राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती, बरखेड्यातल्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीतले अर्धे रस्ते मातीचे होते. गणपतीत आम्ही मराठी मंडळी नाटक बसवायचो. त्या वर्षीचं या फिटरांनी लिहिलं. माणूस चंद्रावर जातो. खरा माणूस तेव्हा गेलेला नव्हता.

"यान कुठंय?" कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. "इंदूरहून पडदे, दिवे आणा. नाहीतर लोक हसतील."

"हसले तर पुन्हा लिहिणार नाही," फिटर म्हणाले.

"हसतीलच," मी तोंडावर सांगितलं. तरी त्यांनी माझी लग्नातली लोखंडी ट्रंक मागितली. पृथ्वीवर दोघांनी ती कण्हत उचलायची, चंद्रावर त्यांनी स्वतः एका हाताने. अर्थात रिकामी. मी वरच्या गोधड्या काढल्या, खालची भांडी आमचे हे काढतील म्हणून सोडली. ह्यांना वाटलं, मी काढली.

पहिल्याच प्रवेशात दोघे खरोखर कण्हले, तेव्हा मला कळलं, भांडी आतच आहेत. मधे पडदा नव्हता, ट्रंक लोकांसमोरच राहिली.

चंद्र म्हणजे मागे एक काळी चादर. कुणी तरी ओरडलं, "दादा, रॉकेट कहाँ छोड़ आए?" मैदान हसलं. फिटर वाकले, कडी धरली, आणि ट्रंक गुडघ्यापर्यंत उचलून खुदकन हसले. "अरे, इथं तर काहीच जड नाही."

मागचे लोक उठून उभे राहून बघू लागले. अध्यक्ष तोंड उघडं टाकून बघत होते. नाटक सुटल्यावर लोक वर बघत घरी गेले. एक बाई खडीच्या ढिगावर आपटली.

फिटरांचं मनगट सुजलं होतं. "पितळ होतं का, वहिनी?"

"दोन घागरी आणि परात."

"मग बरोबर."

पुढे दर गणपतीत त्यांचं नाटक असायचं. टीव्ही आल्यावर आमच्याकडे यायचे. अंतराळातली मालिका बघून एकदा म्हणाले, "यान झकास आहे. पण ह्या माणसाला घरची आठवण येत नाही." तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाही. असा माणूस आमच्या वसाहतीत होता, हे मी कुणालाही सांगते.

ते गेले तेव्हा टेबलावर मंगळावरचं नाटक अर्धं लिहिलेलं होतं. सामानाची यादी मात्र पूर्ण होती. दोन खुर्च्या, एक कंदील.