वीस नखांचा अल्सेशियन

कुत्र्यांच्या दीडशेच्या वर जाती मला नुसत्या चित्रावरून ओळखता यायच्या आणि माझ्याकडे एकही कुत्रा नव्हता. भाड्याची एक खोली, सकाळी सातला बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सातला परतायचं. कुत्रा पाळला असता तर बिचारा दिवसभर दाराकडे बघत बसला असता, आणि ते काम सुट्टीच्या दिवशी मी एकटा नीट करत होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कोलशेतच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो आणि राहायला डोंबिवलीत, कोपरला. गावी आई-वडील उरले नव्हते. भावाचं पत्र वर्षातून एकदा, गणपतीला ये म्हणून सांगायला यायचं. रविवार कसा घालवायचा हा माझा आठवड्यातला सगळ्यात अवघड प्रश्न असायचा. मग मी कल्याणला जाऊन बाजारात उगाच हिंडायचो. अशाच एका रविवारी रद्दीच्या दुकानात मला ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. कव्हर नव्हतं, पहिली पानंही गेलेली. आत जगभरची कुत्री, प्रत्येकाची खांद्यापर्यंतची उंची, कानाची ठेवण, शेपटीचा बाक. मापं म्हटली की मला राहवत नाही. शब्दकोश घेऊन मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि ऑफिसच्या उरलेल्या ट्रेसिंग पेपरवर त्यातली कुत्री स्केलप्रमाणे काढली.

शेवटी नामशेष झालेल्या कुत्र्यांचं एक प्रकरण होतं. ते मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. विलायतेत म्हणे आखूड पायांचं एक कुत्रं असायचं. त्याला स्वयंपाकघरातल्या चाकात घालून पळवायचे, म्हणजे विस्तवावरचं मांस फिरत राहायचं. पुढे ते काम करणारं यंत्र आलं आणि कुत्रं संपलं. दुसरा एक काळा, पांढऱ्या छातीचा, थंड समुद्रावरच्या मच्छीमारांचा कुत्रा. तो पाण्यात उडी मारून जाळं ओढायचा. त्याच्यापासून लॅब्रेडॉर झाला आणि तो स्वतः मात्र राहिला नाही. हे सगळं कोणाला तरी सांगावं असं फार वाटायचं. सांगायला कोणी नव्हतं.

मग ऑफिसातल्या एकाने घरी कुत्रा आणला. पांढराशुभ्र, केसाळ. डोंबिवलीत त्या काळी प्रत्येक पांढरा केसाळ कुत्रा पामेरियन असायचा. मी त्याला सांगितलं की हा पामेरियन नाही, स्पिट्झ आहे. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्याच्या मेव्हण्याने डॉबरमन बघायला मला ठाण्याला बोलावलं. तिथून माझं नाव झालं. पिल्लू घ्यायचं तर मला दाखवून घ्यायचं, असं काही घरांत ठरून गेलं. मी गेलो की मुलगी बघायला आल्यासारखी धांदल उडायची. कांदेपोहे यायचे, पिल्लाला पावडर लावलेली असायची. मी तोंड उघडून दात बघायचो, मागचा पाय हाताने चाचपायचो, खिशातून टेप काढायचो आणि एकेक दोष सांगायचो. लोकांना खरं तर एक ‘हो’ हवा असायचा. मी त्यांना अर्धा तास द्यायचो. त्या घरांतून दुसऱ्यांदा बोलावणं क्वचितच यायचं. पण परक्या घरात खुर्चीवर बसून पोहे खायला मिळतात, एवढ्यावरच मी खूश होतो.

माझी घरमालकीण खाडीकाठच्या जुन्या कोळी घरातली, साठी उलटलेली. नवरा असताना दोघांनी आपल्या घराला लागून चार खोल्या बांधल्या होत्या. त्यातली शेवटची माझी. नवरा गेला. एकुलता एक मुलगा ठाण्याला फ्लॅट घेऊन राहिला. तो आईला तिकडे बोलवायचा, ही खाडी सोडायला तयार नव्हती. ओहोटीला चिखलात उतरून निवट्यांसारखी मासळी धरायची, जवळा सुकवायची. मुलगा होळीला आणि दिवाळीला यायचा. दोन वर्षांत माझ्याशी ती फक्त एकच वाक्य बोलली होती, ते म्हणजे रोज सकाळचं, “पानी आला.”

एके दिवशी मुलगा स्कूटरवर पुढे पिल्लू ठेवून आला. काळी पाठ, तांबूस पाय, पडलेले कान. ते उभे राहावेत म्हणून दोन्ही कानांना चिकटपट्टी लावलेली.

“असली अल्सेशियन आहे, आये,” तो साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाला. “कल्याणवरनं आणला. वीस नखं मोजून घेतलीत.”

गावठी कुत्र्याला अठरा नखं आणि जातिवंताला वीस, असं तेव्हा सगळेच मानायचे. मुलाने पिल्लाचे पाय उचलून आईला एकेक नख मोजून दाखवलं. मी दारातून बघत होतो. पिल्लू शंभर टक्के गावठी होतं. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि आमच्या धंद्यात न विचारता मत देत नाहीत.

त्या पिल्लाने चाळीचं रूपच बदललं. म्हातारी त्याला भाकरी-सुकट कालवून घालायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून त्याच्याशी बोलायची. बोलता बोलता तिचं बोलणं माझ्यापर्यंत यायला लागलं. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागलो. मग एक दिवस झाकलेली ताटली आली, भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. पुढे ती रोजच येऊ लागली. मी म्हातारीला मच्छीमारांच्या त्या संपलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली.

“जालं वढायचा?” ती म्हणाली. “आन मासं कोन खायचा, त्योच ना?”

ती हसली, मीही हसलो. त्या खोलीत आल्यापासून तोवर मी मोठ्याने हसल्याचं मला आठवत नाही. आणि आणखी एक झालं. मुलगा दर रविवारी यायला लागला. आपला अल्सेशियन केवढा झाला ते बघायला यायचा, आईच्या हातचं जेवायचा, उन्हं उतरली की जायचा. शनिवारी संध्याकाळपासून म्हातारीची लगबग चालायची.

सात-आठ महिने असे गेले. एका रविवारी मुलगा एका मित्राला घेऊन आला. मित्राच्या ओळखीत कोणाकडे तरी खरा अल्सेशियन होता. त्याने कुत्र्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “बॉस, डुप्लिकेट आहे हा.”

मुलाने मला हाक मारली. “अरे, तू एक्स्पर्ट ना? सांग याला जरा.”

तेव्हा मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की चांगला आहे कुत्रा. तेही खोटं नव्हतं. पण माझ्यासमोर मुलगा, मित्र, शेजारच्या दोन खोल्यांतली माणसं, एवढी मंडळी कान देऊन उभी होती. मी खिशातून टेप काढली. अल्सेशियनचा मागचा पाय कसा वाकतो आणि हा कसा सरळ आहे ते दाखवलं. शेपटी वर वळलेली आहे, ती खाली हवी. कान पट्टीने काय, कशानेच उभे राहणार नाहीत. आणि वीस नखं कितीतरी गावठी कुत्र्यांना असतात, मोजून बघा. म्हातारी दारात येऊन माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तिलाही ऐकायचंय, म्हणून मी आवाज थोडा वाढवला.

मित्र हसायला लागला. मुलाचा चेहरा उतरला. “मामा बनवला त्या विकणाऱ्या साल्याने मला,” तो म्हणाला आणि कुत्र्याला उचलून स्कूटरवर ठेवायला लागला. “बदलून आणतो, आये.”

“रव दे त्याला,” ती म्हणाली. “मना ह्योच बरा.”

“तू गप गं,” म्हणत त्याने किक मारली.

त्यानंतरच्या दोन रविवारी तो आला नाही. तिसऱ्या रविवारी त्याचा निरोप आला. विकणारा सापडला नाही, कुत्रा कल्याणच्या बाजारातच सोडून दिला, दुसरा नंतर बघू. म्हातारीने ते मला ‘पानी आला’च्याच सुरात सांगितलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. फक्त ती ओट्यावर बसेनाशी झाली आणि ताटली यायची थांबली. मला माझीच लाज वाटत होती. एक शब्द पोटात ठेवायचा होता, तेवढा मला ठेवता आला नाही. कुत्रा परत आणला तर निदान म्हातारी पुन्हा ओट्यावर येऊन बसेल, एवढं एकच मनात घेऊन मी निघालो.

चार रविवार मी कल्याण पालथं घातलं. धान्याचा बाजार, मासळीबाजार, एसटी स्टँडची मागची बाजू. ऐन मे महिना होता. काळ्या पाठीची, तांबूस पायांची कुत्री जिकडेतिकडे होती. त्या कुत्र्याचे सगळे दोष मला तोंडपाठ होते आणि तेच दोष त्या प्रत्येकात होते. हाक मारून बघावं म्हटलं, तर म्हातारी त्याला काय म्हणून हाक मारायची तेही आठवेना. रोज ऐकत होतो, पण लक्ष कधी दिलंच नव्हतं.

चौथ्या रविवारी एसटी स्टँडच्या मागे एक कुत्रा आपणहून माझ्या पायाशी येऊन बसला आणि शेपटी हलवायला लागला. तोच रंग, तेच पडके कान. माझी खात्रीच पटली. एकही रिक्षावाला कुत्रा घ्यायला तयार होईना, म्हणून त्याला सुतळी बांधून पत्रीपुलावरून कोपरपर्यंत भर दुपारी चालत आणला. चाळीपाशी पोचलो तेव्हा माझा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

म्हातारी दारात जवळा वाळत घालत होती. तिने कुत्र्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“आला रं माजा बाबा,” ती म्हणाली आणि खाली बसून तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

मी खोलीत गेलो, दार लावलं आणि रडलो.

संध्याकाळी ताटली आली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसणंही सुरू झालं. मी पीसीओवरून ठाण्याला मुलाला फोन करून कुत्रा सापडल्याचं कळवलं. “ठेवा मग,” तो म्हणाला. “येतो कधीतरी.” तो आला नाही.

पावसाळा सरला तरी कुत्रा होता तेवढाच होता. एका शनिवारी ओट्यावर बसल्या बसल्या, निव्वळ सवयीने, मी त्याचं तोंड उघडून पाहिलं. इतक्या महिन्यांत हे एकदाही केलं नव्हतं. पुढचे दात झिजून बोथट झाले होते. कुत्रा चार-पाच वर्षांचा तरी होता. आमचा जेमतेम सव्वा वर्षाचा असता.

“मावशी,” मी म्हणालो, “हा तो नाही.”

ती सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “नाय.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू दारात आनलास तवाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“उनातना चालत आनलास त्याला. सोताचा तोंड बघायचा व्हतास तवा.” तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. “पोरानं पयला आनला, तवा तरी मी कुठं बोल्ले? गावठी कुत्रा मना कलत नाय काय? जल्म गेला कुत्री बघन्यात. पन नखं मोजून दावत व्हता रं. आन दर रयवारी येत व्हता.”

तिचे तांदूळ निवडून झाले, ती उठून आत गेली, आणि थोड्या वेळाने नेहमीसारखी ताटली आली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या एका घरून पिल्लू बघायला बोलावणं होतं. मी गेलो नाही. दिवसभर ओट्यावर बसून राहिलो. तीही बसली होती. रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला की आम्ही तिघंही मान वर करायचो.