मारबतीने मला का नेलं नाही

आमच्या गावात शिष्टाचार अजून जिवंत आहे तो माझ्यामुळे. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणार नव्हतो. दुसरं कोणी सांगेल म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली, कोणी सांगितलं नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. तीही पुरती नाही, कारण मास्तर वर्गात बिडी ओढत आणि मी त्यांना ते शोभत नाही असं सांगितलं. मास्तर राहिले, मी घरी आलो. पण दुसऱ्याच्या दारासमोर गाडी आडवी लावू नये, वर्ध्याच्या बसमध्ये खिडकीतून दुपट्टा फेकून सीट धरू नये आणि फोनवर पवनारशी बोलताना पुलगावला ऐकू जाईल असं ओरडू नये, एवढं कळायला कोणती परीक्षा पास व्हावी लागते?

आमच्या गल्लीतला बंडू घ्या. मनाने सोनं. पण कोणाच्या घरी आला की मोटारसायकलवरून उतरत नाही. फाटकासमोर उभा राहून हॉर्न वाजवतो. पोंऽऽ! पोंऽऽ! आणि आपण हातातला घास टाकून बाहेर पळायचं! एक दिवस मी बाहेर आलो, त्याच्या हँडलसमोर उभा राहिलो आणि तोंडानेच वाजवलं, "पोंऽऽ!"

"काऊन आबाजी, तब्येत बरी हाय ना?"

"माही बरी हाय. तुह्या पायाले काय झालं? खाली उतरता येत नाई?"

बंडू खो खो हसला आणि जाताना पुन्हा हॉर्न वाजवून गेला. (नमस्काराचा, म्हणे!)

अशात गावात सरपंचाची निवडणूक लागली, जागा बायांसाठी निघाली, आणि आमची सून वंदना उभी राहिली. हौस म्हणून नाही. गल्लीतली नाली फुटून अंगणवाडीच्या दारात घाण साचते, पोट्टे त्यातून उड्या मारत जातात. वंदनाने ग्रामसभेत उठून विचारलं, तर सरपंच म्हणाले, "बाई, नालीची एवढीच काळजी असंल तं तुम्हीच सरपंच व्हा ना!" सगळे हसले. वंदना घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "आता होतोच मी सरपंच."

समोर उभी होती त्याच सरपंचाची भावजय. आमची गल्ली झुकेल तिकडे गाव झुकतं, आणि गल्ली कुठे झुकायची ते बंडू ठरवतो. बंडू आमच्याकडून होता.

फॉर्म भरला त्याच दिवशी मला ओसरीत बसवण्यात आलं. आरोपीला बसवतात तसं.

"बाबा," आमचा मुलगा प्रमोद म्हणाला, "मतदान होईस्तोवर तुम्ही कोणाले काही शिकवू नका."

"म्या कोणाले शिकवलं?"

"कोणाले नाई शिकवलं ते सांगा जी, लवकर आटपंल," स्वयंपाकघरातून बुढी बोलली. (बुढी म्हणजे आमची बायको. तिला समोरासमोर बुढी म्हणायची माझी हिंमत नाही, लिहायची आहे.)

वंदना शहाणी. ती समोर येऊन बसली. "मामाजी, तुमचं बरोबरच असते. पण बरोबर बोललं का मत भेटते, असं नाई ना."

इतकं खरं बोलणारी बाई निवडून कशी येणार, याची मला तेव्हाच चिंता लागली. पण पोरीच्या डोळ्यांत ती नाली दिसत होती. मी बैलजोडीची शपथ घेतली, "मतदान होईस्तोवर मी कोण्या माणसाले वावगा शब्द बोलणार नाई."

शपथेतला 'माणसाले' हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा. तेव्हा माझ्याही ध्यानात नव्हता.

नंतरचे दिवस कसे गेले ते माझ्या पोटाला माहीत. घरात प्रचाराची वर्दळ. एकजण आमच्या ओसरीत बसून, फोन स्पीकरवर टाकून, साळ्याशी त्याच्या मूळव्याधीवर बोलला. मूळव्याध साळ्याची, ओसरी माझी, आणि ऐकत होती सगळी गल्ली! मी गमछा दाताखाली धरला. तालुक्याचा एक नेता वंदनाला आशीर्वाद द्यायला आला. मागच्या पोळ्याला त्याच्या गळ्यात एका रंगाचा दुपट्टा होता, यंदा दुसऱ्याच रंगाचा. मला एवढंच विचारायचं होतं, की भाऊ, घरी सगळे दुपट्टे एकाच बादलीत भिजवता का? रंग नाही लागत एकमेकाला? पण शपथ! गिळलं.

आणि चहा! वंदनाचं चिन्ह होतं कपबशी. येईल त्याला चहा पाजायचा असं ठरलं, आणि बुढीने दुधाचा अंदाज घेऊन प्रत्येकाला अर्धाच कप द्यायला सुरुवात केली. पाहुण्याला अर्धा कप चहा म्हणजे त्याला अर्धं ये म्हणण्यासारखं आहे. तेही गिळलं. पोटात वायू धरला. डॉक्टर म्हणाला, तेलकट बंद करा. तेलकटाने काय केलं होतं बिचाऱ्याने?

पोळा आला. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात. गावातल्या मोठ्या लोकांना चिमटे काढणाऱ्या, जोडून केलेल्या ओळी. दरवर्षी माझ्या दोन तरी असतात. यंदा मी बैलाच्या शिंगाकडे पाहत गप्प उभा. लोकांना वाटलं, बुढ्याला लकवा मारला. दोघांनी तर येऊन माझा हात उचलून पाहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत. पोळ्याला आम्ही दारात पळसाच्या डहाळ्या खोचतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या उपटायच्या आणि सगळ्या गावाने मिळून नाल्यापलीकडे नेऊन टाकायच्या. वाटेत एकाने त्रासाचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "घेऊन जाय गे मारबत!" म्हणजे गावची इडापिडा मारबत आपल्यासोबत घेऊन जाते. नाव घेण्याचं काम बापजाद्यापासून आमच्या घराकडे. (आवाज हीच आमची इस्टेट.)

निघताना प्रमोद कानाशी लागला. "बाबा, खासी-खोकल्यावर थांबजा."

"खासी-खोकला!" मी सुरुवात केली.

"घेऊन जाय गे मारबत!"

"ढेकूण-मच्छर!"

"घेऊन जाय गे मारबत!"

"ताप-हगवण!"

"घेऊन जाय गे मारबत!"

इथे तरी थांबायचं होतं. पण कितीतरी दिवसांनी नरडं मोकळं झालं होतं, समोर अख्खं गाव माझ्या शब्दाला शब्द देत होतं, आणि नेमकी तेव्हाच मला ती शपथ आठवली. माणसाला बोलणार नाही म्हणालो होतो. मारबत कुठे माणूस आहे?

"फाटकात हॉर्न वाजवणारे!"

"घेऊन जाय गे मारबत!" सगळ्यात मोठा आवाज बंडूचा! स्वतःचंच वर्णन निघालं की माणूस सगळ्यात जोराने ओरडतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

"दुसऱ्याच्या ओसरीत बसून स्पीकरवर फोन लावणारे!"

"घेऊन जाय गे मारबत!" मूळव्याधवाल्याच्या मेहुण्याने तर डहाळी हवेत फिरवली.

मला चेव आला. "मतासाठी पाया पडणारे आन् मंग वळख न देणारे!"

आमच्या बाजूचे गरजले. सरपंचाची माणसं एकाएकी डहाळीवरची पानं मोजायला लागली. तेवढ्यावर सोडलं असतं तरी मी त्या सकाळचा राजा होतो. पण सत्य काय एका बाजूने थांबतं?

"गळ्यातले दुपट्टे बदलणारे!"

आता सरपंचाची माणसं गरजली आणि आमच्या बाजूचे गप्प झाले. प्रमोद माझी बाही ओढत होता. "बाबा, बस! बाबा, आपलाच माणूस हाय तो!" पण उतारावर लागलेली बैलबंडी बाही ओढून थांबते का? आणि माझ्या तोंडून ते निघालं.

"पाहुण्याले अर्धा कप चहा पाजणारे!"

गावात असं एकही घर नव्हतं ज्याने आमच्याकडचा अर्धा कप प्यायला नव्हता. मग सरपंचाच्या गोटातून कोणीतरी हुशाराने आवाज दिला, "कपबशी घेऊन जाय गे मारबत!"

आणि सुरू झालं! "कपबशी...!" "घेऊन जाय गे मारबत!" "कपबशी...!" "घेऊन जाय गे मारबत!" जे पंधरा-पंधरा दिवस त्यांना भोंगा लावून जमलं नव्हतं, ते मी एका पहाटेत करून दिलं. सुनेचं चिन्ह मी स्वतःच्या तोंडाने गावाबाहेर काढलं, आणि तेही वाजतगाजत!

नाल्याजवळ पोचेपर्यंत बंडूच्या डोक्यात उजेड पडला होता. (कोणीतरी पाडला होता. "बंड्या, हॉर्नवालं तुलेच म्हणून राह्यलतं बे!") तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आबाजी, ते माह्यासाठी होतं काय?"

"मी मारबतीशी बोलून राह्यलो. तू मंधात कायले येतो?"

"असं हाय काय? मंग मतंबी मारबतीलेच मागजा! आमची गल्ली उद्यापासून तिकडं!"

सरपंचाचा पुतण्या हे सगळं मोबाइलमध्ये भरून घेत होता. प्रमोद डोक्याला हात लावून दगडावर बसला होता. बंडूने डहाळी नाल्यात फेकली आणि पाठ फिरवली. त्याच्यामागे गल्ली फिरायला लागली. माझ्या डोळ्यासमोर अंगणवाडीच्या दारातली ती घाण आली आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आपण बैलजोडीशी बेइमानी तर नाही केली?

तेवढ्यात मागून बायांचा घोळका आला. पुढे वंदना, डोक्यावर पदर, हातात आमच्याच दारातली डहाळी. तिने फिरलेली गल्ली पाहिली, दगडावर बसलेला नवरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. काय झालं हे कोणी तिला सांगितलं नाही. माझा आवाज तिला घरापासून ऐकू आला असणारच.

तिने डहाळी वर केली. पदर सरकू दिला नाही आणि आवाजही चढू दिला नाही, अगदी सरळ म्हणाली,

"साऱ्या गावाले शिकवणारे सासरे!"

सासऱ्याचं नाव मारबतीला! सुनेने! सगळे माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. उत्तर द्यायची कोणाची छाती होईना. आणि मग घोळक्याच्या पार मागून एकच आवाज आला, लग्नापासून तालीम करून ठेवल्यासारखा,

"घेऊन जाय गे मारबत!"

बुढी!

मग काय! सगळ्या गावाला कंठ फुटला. आमचे, त्यांचे, बाया, पोट्टे, मूळव्याधवाल्याचा मेहुणा. खोकल्याला नाही, मच्छराला नाही, पण माझ्यासाठी गावाने असा आवाज लावला की पलीकडच्या शिवारातले बगळे उडाले. त्यात मी माझ्या मुलाचाही आवाज ओळखला. त्याचा तर आवाज इतका मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. बापावरच गेला पोट्टा.

आता राहिलो मी एकटा. मारबतीचा नियम असा, की नाव कोणीही घेवो, जबाब सगळ्यांनी द्यायचा. जबाब न देणं हा अशिष्टपणा आहे. आणि अशिष्टपणा मी आयुष्यात सहन केला नाही. मी छाती भरून घेतली आणि ओरडलो,

"घेऊन जाय गे मारबत!"

बंडू आधी नुसता पाहत राहिला. मग नाल्याच्या काठावर बसकण मारून पोट धरून हसला. डोळे पुसत उठला, सरपंचाच्या पुतण्याच्या मोबाइलसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हे बी भरून घे बे. जे बाई घरच्या बुढ्याले सोडत नाई, ते कामात हयगय करणाऱ्याले काय सोडंल! गल्ली कपबशीलेच!"

वंदना निवडून आली. थोडक्यात आली, पण आली. नाली बांधून झाली, अंगणवाडीसमोर आता पोट्टे विनाकारण उड्या मारतात. बंडूही सुधारला. आता तो आधी गाडीवरून उतरतो, ओसरीत येतो, माझी तब्येत विचारतो, पुन्हा गाडीवर जाऊन बसतो आणि मग हॉर्न वाजवतो. बुढी पाहुण्याला भरून कप देते, मला अर्धा.

निवडणूक माझ्यामुळे जिंकली असं मी दोन-चार ठिकाणी सांगून पाहिलं. लोक मान हलवतात, पण कोणत्या दिशेने ते नीट कळत नाही.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खटकते. अख्ख्या गावाने, सुनेने, मुलाने, बायकोने आणि मी स्वतः इतक्या जोराने सांगूनही मारबत मला काही घेऊन गेली नाही. परवा बुढीला विचारलं.

"नेलं असन जी," ती भाजी निवडत म्हणाली. "पण वाटेनं तुम्ही तिले चालाचं कसं ते शिकवाले बसले असान. नाल्यापाशीच वापस टाकून गेली."

आता तुम्हीच सांगा, गावभराची इडापिडा डोक्यावर घेऊन ही मारबतबाई रस्त्याच्या मधोमध चालते. कोणीतरी सांगायला नको?