एफी लुंडग्रेनचं एकुलतं एक वाक्य

एफी लुंडग्रेनचं नाव पडद्यावर एकदाच आलं, आणि नेमकं त्याच चित्रपटात तिच्यावर कुणी हसलं नाही. बाकीच्या एकशे बारा चित्रपटांत लोक पोट धरधरून हसले, तिथे तिचं नाव नाही. आकडा मला पाठ आहे, कारण तिचे ॲप्रन मी शिवत होते. दर चित्रपटाला नवा ॲप्रन लागे. कधी त्यावर कस्टर्ड पडे, कधी रंग, आणि एकदा आख्खं बादलीभर डांबर.

आमची कंपनी दोन रिळांचे विनोदी चित्रपट काढी, महिन्याला एक. मोठा चित्रपट सुरू होण्याआधी वीस मिनिटं लोकांना हसवून ठेवायचं, एवढंच काम. स्टुडिओ म्हणजे लॉस एंजेलिसच्या एका टेकडीखालचा जुना तबेला, पावसाळी हवेत घोड्यांचा वास अजून येई. एफी तिथे मोलकरीण व्हायची, घरमालकीण व्हायची, नर्स व्हायची. उंच, हाडकुळी, लांबट चेहऱ्याची बाई. रस्त्यात कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. पण तिच्यासमोर छत कोसळलं, की ती त्या छताकडे अशी बघायची की बस. धक्का नाही, राग नाही. हे होणारच होतं, फक्त गुरुवारी होईल असं वाटलं होतं, अशी ती नजर. वर फळ्यांवर बसलेले दिवेवाले तोंडात टोप्या कोंबून घेत, कारण हसू ऐकू गेलं तर ध्वनी घेणारा माणूस आरडाओरडा करी.

कंपनीच्या मालकाचा एक नियम होता. जो बोलेल त्याचं नाव सुरुवातीच्या पाटीवर, जो बोलणार नाही त्याचं नाही. आमचा कुत्रा स्किपर भुंकायचा, म्हणून त्याचं नाव पाटीवर असे. एफीला अकरा वेळा वाक्य लिहून दिलं गेलं. अकराही वेळा दिग्दर्शक मॉर्टी ग्लासमन ऐन वेळी म्हणाला, "एफे, वाक्य राहू दे. नुसती बघ." ती बघायची, टोप्या तोंडात जायच्या, वाक्य जायचं आणि त्याच्याबरोबर नावही. कमी हुशार असती तर तिचं नाव झालं असतं. आमचा नायक चेस्टर पीबल्स तेवढा हुशार नव्हता, त्याचं नाव मोठ्या अक्षरांत येई.

तिची तक्रार नव्हती. तिच्या वतीनं मी करायचे, मला तोंड आहे. ती म्हणायची, लोक हसले ना, मग झालं. हे नऊ वर्षं चाललं. मग तिच्या बहिणीचं, आल्माचं पत्र आलं.

एफी नेब्रास्कातली, स्वीडिश शेतकऱ्यांच्या वस्तीतली. बाप ॲक्सेल लुंडग्रेन, गाईंचा धंदा, चर्चमध्ये पहिल्या बाकावर. पत्ते, नाच आणि सिनेमा हे तो एकाच पोत्यात घालून पापात जमा करी. एफी एकोणिसाव्या वर्षी फिरत्या तंबू-नाटकाबरोबर घर सोडून गेली. सिनेमात काम करते असं तिनं पुढे घरी कळवलं. बापाचा त्यावर विश्वास बसला नाही. पोरगी खरोखर काय करून पोट भरते याबद्दल त्यानं कोणता समज करून घेतला होता, ते आल्मानं कधीच लिहिलं नाही, म्हणून आम्हाला ते कळलं.

तर गावच्या खिळे-हातोड्यांच्या दुकानदारानं म्हाताऱ्याला सांगितलं, की तुझी मुलगी मी पडद्यावर पाहिली, तिच्या डोक्यात कुणीतरी मासा घातला. म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा थिएटरात गेला. टोपी मांडीवर ठेवून बसला. पडद्यावर नावं आली, ती त्यानं वरपासून खालपर्यंत वाचली. लुंडग्रेन नव्हतं. तो उठला आणि घरी आला. आल्मा मागून ओरडत होती, की ती अजून यायची आहे, जरा थांबा. तो म्हणाला, "नाव नाही, म्हणजे ती नाही. दुकानदाराची नजर अधू झाली आहे."

त्या भागात सायीच्या कॅन सकाळच्या गाडीनं लोण्याच्या कारखान्यात जातात. प्रत्येक कॅनवर घराण्याचं नाव रंगवलेलं असतं. नाव नसलेली कॅन परत आली, तर तिच्यावरचा पोचा आपल्याच गाईच्या लाथेचा आहे हे दिसत असूनही कुणी तिला हात लावत नाही. ॲक्सेल लुंडग्रेननं चाळीस वर्षं असंच जग ओळखलं होतं.

एफीनं ते पत्र मला कपड्यांच्या खोलीत वाचून दाखवलं. मासा आला तिथे हसली. मग पत्र खाली ठेवलं.

"व्हर्ना, मी खोटं बोलते असं बाबांना वाटतं गं. इतकी वर्षं."

त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला, की त्याच्याच पँटच्या गॅलिसनं त्याला बांधून पहिल्या रांगेत बसवावं असं वाटलं.

उन्हाळ्यात दुसरं पत्र आलं. बाबांचं हृदय थकलं आहे, डॉक्टरनं धारा काढायची मनाई केली आहे, तुझं नाव येणार असेल तर या वर्षात येऊ दे. एकदा शेवटचं थिएटरात यायला मी त्यांना तयार करते.

एफी मॉर्टीकडे गेली. मीही गेले, हातात उगाच एक ॲप्रन घेऊन. मॉर्टी सँडविच खात होता.

"मॉर्टी, मला एक वाक्य दे. आणि ते ठेव."

"तुला वाक्य? अगं, तू बोललीस की हसू मरतं. देवानं तुला चेहरा दिलाय, आवाज दिलेला नाही."

तिनं सगळं सांगितलं. मॉर्टीनं सँडविच खाली ठेवलं. ते मी त्याला कुणासाठीच करताना पाहिलं नव्हतं. "तुझ्या बापाइतका कडक टीकाकार शहरात नाही," असं म्हणून त्यानं कागद ओढला आणि वाक्य लिहिलं: सूप गार झालंय, साहेब.

प्रसंग असा होता, की चेस्टर छताची काच फोडून थेट जेवणाच्या टेबलावर पडतो, आणि मोलकरीण सुपाचं भांडं घेऊन उभी आहे. चेस्टर पडला. धूळ उडाली. एफीनं बघितलं. वर दोघांनी टोप्या तोंडात घातल्यासुद्धा. आणि मग ती बोलली, स्वच्छ, खणखणीत, रविवारच्या शाळेत बायबलचं वचन म्हणून दाखवावं तशी. टोप्या तोंडातून बाहेर आल्या.

मॉर्टीनं कान खाजवला. "छान. आता एकदा न बोलता घेऊ या. नुसतं जवळ असू दे."

एफीनं भांडं खाली ठेवलं. "नाही."

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"ते चांगलं होईल, मॉर्टी. मला माहीत आहे. म्हणूनच नको."

दोन्ही प्रकारे घेतलं असतं तर त्यानं चांगलं तेच ठेवलं असतं. तिच्या हातात असतं तर तिनंही तेच ठेवलं असतं, आणि हे दोघांना कळत होतं. मॉर्टीनं पुढचा प्रसंग लावायला सांगितला.

चित्रपट बाहेर पडण्याआधी जवळच्या पॅसाडेनात लोकांना दाखवून बघितला. पाटीवर नाव आलं, शेवटून दुसरं, स्किपरच्या वर. मी तिचा हात दाबला. चेस्टर पडला तेव्हा लोक हसले, एफीनं बघितलं तेव्हा त्यांनी तोंडं उघडली, आणि ती बोलल्यावर खोकले. एफी मांडीकडे बघत होती.

"एवढी चांगली काच होती," ती म्हणाली. "मी वाया घालवली."

ऑक्टोबरात आल्माचं पत्र आलं. एफीनं ते इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानंच मोठ्यानं वाचलं. बाबा आले. टोपी मांडीवर. नावं आली. तुझं नाव त्यांनी ओठ हलवत दोनदा वाचलं. मग टोपी डोक्यावर घातली आणि उठले. मी बाही धरली, म्हटलं, बाबा, आता तर ती येणार. ते म्हणाले, "नाव आहे. पोरगी खोटं बोलत नव्हती. मग आता आणखी काय बघायचं?" आणि सिनेमा संपेपर्यंत बाहेर ट्रकमध्ये बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेले आणि म्हणाले, तुझी नजर चांगली आहे.

एफीनं पत्राची घडी घातली आणि त्या घडीकडे बघितलं. तीच नजर. मी ती शंभरदा पाहिलेली, तरी तोंडातल्या टाचण्या थुंकून हसत सुटले. मग लक्षात आलं, की ती काही अभिनय करत नव्हती. मला माझीच लाज वाटली.

"हस गं," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांच्या वाटचं कुणीतरी हसायला हवं ना." मग ती स्वतःच हसायला लागली, आणि आम्ही दोघी इस्त्रीच्या टेबलाला धरून इतक्या हसलो, की एक ॲप्रन जळला.

मॉर्टी भला माणूस. एकदा दिलं तर पुन्हा का नको, म्हणून त्यानं पुढच्या चित्रपटातही तिला वाक्य लिहिलं होतं. ती पत्र खिशात घालून तशीच त्याच्याकडे गेली.

"हे काढ. मी नुसती बघते."

"नाव जाईल, एफे."

"ज्यांनी वाचायचं होतं त्यांचं वाचून झालं."

त्या दिवशी भिंत पडायची होती. भिंत पडली. एफीनं तिच्याकडे बघितलं, आणि वरच्या एका दिवेवाल्याची टोपी तोंडापर्यंत पोचलीच नाही. तो इतक्या मोठ्यानं हसला, की भिंत पुन्हा उभारावी लागली. मॉर्टी रागावला नाही. तेवढ्यात स्किपर भुंकला, आणि पाटीवर त्याचं नाव आलं.